अँटिबायोटिक गोळी दुधासोबत घ्यावी का?

‘गोळी गरम पडते’ म्हणून ती दुधासोबत किंवा ताकासोबत घेण्याची सवय पारोळ्यासारख्या भागात, विशेषतः उन्हाळ्यात, सर्रास दिसते. त्याच दिवसांत पाणी कमी पडून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन लिहून देतात. नेमक्या याच गोळ्या दुधासोबत चालत नाहीत. दुधातले कॅल्शियम औषधाला चिकटते आणि ते आतड्यातून रक्तात नीट शोषले जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचे शोषण साधारण एक तृतीयांशाने घटते, टेट्रासायक्लिनचे निम्म्याहून अधिक. डॉक्सिसायक्लिनवर परिणाम कमी, पण होतो. मग जळजळ थांबत नाही आणि दोष गोळीला दिला जातो.

या गोळ्या पाण्यासोबत घ्या. दूध, दही, ताक, पनीर किमान दोन तासांनी. आधीच दूध प्यायले असेल तर किती थांबायचे ते डॉक्टरांना विचारा, कारण ते औषधानुसार बदलते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधेही असाच अडथळा आणतात, बहुधा दुधापेक्षा जास्त. गरोदर स्त्रियांनी तर आपल्या चालू गोळ्या डॉक्टरांना आधीच सांगाव्यात.

अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन यांना दुधाचे वावडे नाही. मुलाला ही औषधे चालू आहेत म्हणून त्याचे दूध तोडू नका.