रेपोसादो टकिला : चव आणि पारख

रेपोसादो : ओकच्या लाकडात किमान दोन महिने ठेवून मग बाटलीत भरलेली टकिला. मेक्सिकोचे ‘एनओएम–००६’ हे मानक टकिलाचे पाच वर्ग मानते : ब्लांको, होवेन, रेपोसादो, आन्येहो आणि एक्स्त्रा आन्येहो. गाळल्यावर जवळजवळ तशीच भरलेली ब्लांको आणि निदान वर्षभर मुरलेली आन्येहो यांच्या मधली जागा रेपोसादोची. आन्येहोचे पिंप ६०० लिटरपेक्षा मोठे चालत नाही. रेपोसादोला ही अट नाही, म्हणून ती हजारो लिटरच्या लाकडी टाक्यांतही ठेवली जाते. टाकी जितकी मोठी तितका दारूला लाकडाचा स्पर्श कमी. त्यामुळे बाटलीवर महिने लिहिलेले असले, तरी पिंपाचे माप कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

टकिला ज्या वनस्पतीपासून होते ती निळी अगावे, म्हणजे महाराष्ट्रात बांधावर, कुंपणाला आणि रेल्वेमार्गाच्या कडेने दिसणाऱ्या घायपाताची मेक्सिकन बहीण. आपल्याकडे घायपाताचा वाख काढून दोर वळले. दारूसाठी मात्र पाने छाटून टाकतात आणि मधला गड्डा घेतात. सहा-आठ वर्षे वाढलेल्या या गड्ड्यात इन्युलिन नावाचे पिष्टासारखे द्रव्य साठते. विटांच्या भट्टीत किंवा मोठ्या बंद शिजवणपात्रात ते शिजले की त्याची साखर होते. मग पिळणे, आंबवणे आणि निदान दोनदा गाळणे. हालिस्को हे सबंध राज्य आणि इतर चार राज्यांतले काही भाग एवढ्याच प्रदेशातल्या मालाला १९७४ पासून टकिला हे नाव राखीव आहे.

भारतात गाळलेल्या मालाला म्हणून ‘अगावे स्पिरिट’ म्हणावे लागते. त्याची सुरुवात आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले डेस्मंड नाझरेथ यांनी केली. अमेरिकेतून परतल्यावर त्यांना दख्खनच्या पठारावर रानोमाळ वाढणारे अमेरिकन घायपात दिसले. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात त्यांनी गाळप सुरू केले, बाटल्या गोव्यात भरल्या आणि २०११ मध्ये ‘डेस्मंडजी’ या नावाने माल बाजारात आणला. पुढे ‘पिस्तोला’ या नावाने ओकमध्ये मुरवलेल्या रेपोसादो आणि आन्येहोही आल्या. या बाटल्यांत दख्खनचे घायपात असते, निळी अगावे नव्हे. तिथे मेक्सिकोची हुबेहूब चव शोधणे हे परीक्षकाचे चुकीचे पाऊल ठरते.

परवडणाऱ्या बाटलीची पारख चाखण्याआधीच, लेबल वाचताना सुरू होते. ‘१०० टक्के अगावे’ हे शब्द नसतील तर माल मिक्स्तो वर्गातला समजावा : निदान ५१ टक्के साखर अगावेची, बाकीची बहुधा उसाची. जगभर खपणारी होसे कुएर्वोची सोनेरी ‘एस्पेसियल’ याच वर्गात मोडते. दुसरी खूण चार आकडी एनओएम क्रमांकाची. हा क्रमांक कारखान्याचा असतो, ब्रँडचा नव्हे. ओल्मेका आल्तोसवर १६१९, एस्पोलोनवर १४४०. एकाच क्रमांकाखाली महागडी आणि साधी अशा दोन्ही बाटल्या निघालेल्या दिसल्या की किमतीतला बराचसा भाग काचेचा आणि जाहिरातीचा आहे हे उमगते. आल्तोस आणि एस्पोलोन या दोन्ही ब्रँडच्या रेपोसादो मेक्सिकोत आणि अमेरिकेत मध्यम किमतीत चांगल्या मानल्या जातात.

लाकूडही फार महाग पडत नाही, त्याला कारण अमेरिकेचा कायदा. बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते, म्हणून सुमारे २०० लिटरची वापरलेली पिंपे जगभर विकली जातात आणि टकिलावाले ती घेतात. लिग्निन तुटून व्हॅनिलिन सुटते, ओकमधले लॅक्टोन खोबऱ्याचा वास देतात आणि युजेनॉल लवंगेचा. लवंगेतही तेच द्रव्य असते.

आता प्याला. मीठ-लिंबाची बशी बाजूला सारावी. ती दारूचा दोष झाकायला उत्तम, गुण ओळखायला निरुपयोगी. ऑस्ट्रियाच्या रीडेल कंपनीने मेक्सिकोच्या टकिला नियामक परिषदेबरोबर खास उंच, निमुळता प्याला २००२ मध्ये आणला. घरी वाइनचा लहान ग्लास पुरतो. वीसेक मिलिलीटर ओतून पांढऱ्या कागदासमोर धरावे. काही महिने मुरलेल्या रेपोसादोचा रंग वाळल्या गवतासारखा किंवा फिक्या सोन्याचा असतो. लेबलावर कमी महिने आणि ग्लासात दाट मधाळ रंग असेल तर शंका घ्यायला जागा आहे. सबंध परीक्षेत रंगाची साक्ष सर्वात कच्ची, आणि गिऱ्हाईक नेमके तिच्यावरच सर्वात जास्त विश्वास ठेवते.

नाक ग्लासात खुपसू नये. कडेपासून जरा दूर धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे, म्हणजे अल्कोहोलचा भपकारा घशात जात नाही. आधी शिजलेली अगावे सापडली पाहिजे : भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा गोडसर वास, त्यामागे मिरी, ओली माती, थोडी हिरवी झाक. मग लाकूड : व्हॅनिला, दालचिनी, लवंग. हाच क्रम चांगल्या रेपोसादोची खूण. व्हॅनिला पुढे आणि अगावे बेपत्ता असेल तर पिंपाने किंवा बाहेरच्या अर्काने मूळ माल झाकला आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा वास आला तर गाळताना पहिली धार नीट वेगळी काढलेली नाही.

पहिला घोट फक्त तोंड सवयीला लावण्यासाठी. दुसरा जिभेवर काही सेकंद फिरवावा, गिळावा आणि नाकाने श्वास सोडावा. अर्धी चव या उलट्या श्वासातच कळते. जिभेच्या शेंड्यावर साखर रेंगाळत असेल, किंवा पातळ दारू तेलकट-जाड लागत असेल, तर साखरेचा पाक किंवा ग्लिसरीन आठवावे. मेक्सिकोचे मानक मुरवलेल्या वर्गांत कॅरमेल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक यांना एक टक्क्यापर्यंत मोकळीक देते, आणि हे लेबलावर सांगण्याची सक्ती नाही. २०२० नंतर ‘टकिला मॅचमेकर’ या संकेतस्थळाने असे काही न मिसळणाऱ्या कारखान्यांची यादी चालवली, त्यावरून नियामक परिषदेशी तिचा मोठा वाद झाला. घरगुती चाचणी म्हणून काहीजण दोन थेंब तळहातावर चोळतात. दारू उडाल्यावर हात चिकट राहिला तर गोडवा बाहेरचा असण्याची शक्यता वाढते. चाचणी ढोबळ आहे, पण फुकट आहे.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच कारखान्याची ब्लांको शेजारी ठेवून चाखणे. ब्लांकोतली अगावे रेपोसादोतही ओळखू आली, तर पिंपाने आपले काम नेमके केले. बाटल्या झाकून, कोणती कुठली हे दुसऱ्याला ठेवायला सांगून चाखले तर किमतीचा दबावही जातो. महागडी बाटली अशा वेळी हमखास जिंकेल असे नाही.

मुंबईजवळच्या नालासोपाऱ्यात ही परीक्षा करताना हवा आडवी येते. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात खोलीच्या तापमानाची दारू नुसता भपकारा देते, म्हणून बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून किंचित गार करावी. बर्फगार केली तर वासच मरतो. मुरवण्यावरही हवेचा असाच परिणाम होतो. दमट हवेत पिंपातून पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडते आणि उष्णतेने लाकूड लवकर उतरते. म्हणून गोव्यातल्या पिंपातले महिने आणि हालिस्कोच्या कोरड्या पठारावरचे महिने एका मापाने मोजता येत नाहीत.

परदेशी दारूची प्रतवारी या किनाऱ्याला नवी नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवर्णनात याच सोपाऱ्याचे नाव कल्याणबरोबर येते, आणि त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या वाइनमध्ये इटलीची पसंतीची असल्याचे नोंदवले आहे. वसई पट्ट्यात ताडीची पारख तर अजून घराघरांत आहे : सकाळची गोड, दुपारची आंबट, आणि ती किती तासांपूर्वी उतरवली हे जाणत्याला एका घोटात कळते. आंबवण्याच्या वासाला सरावलेले असे नाक टकिलाच्या कामीही येते.

परवडणारी हा शब्द भारतात सांभाळून वापरावा लागतो. आयात टकिलावर अधिभार धरून एकूण १५० टक्के आयात शुल्क बसते, वर राज्याचे उत्पादन शुल्क. त्यामुळे मेक्सिकोतली साधी बाटली इथे चैनीची होते. गोव्यात किंवा दमणमध्ये ती स्वस्त दिसते, पण तिथल्या विक्रीसाठीची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, आणि दमणच्या वाटेवर असल्याने पालघर जिल्ह्यात उत्पादन शुल्क विभागाची नजर कायम असते. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय किमान २५ आणि जवळ पिण्याचा परवाना लागतो.

झाकणाचा शिक्का, लेबलाची छपाई आणि बॅच क्रमांक दुकानातच पाहावेत, कारण भंगारातल्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरल्या जातात. मिथेनॉल जिभेला वेगळे कळत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत त्याने शंभराहून अधिक माणसे मारली. चाखून सुरक्षितता ठरवता येत नाही, ती अधिकृत दुकानातून आणि पक्क्या बिलावरच मिळते.

उघडलेली बाटली उभी आणि अंधारात ठेवावी; आडवी ठेवल्यास कडक दारू बुचाला खाते. निम्म्याहून रिकामी झाली की आतल्या हवेने वास बोथट होत जातो, तेव्हा अंतिम मत बाटली भरलेली असताना बनवावे आणि आठवड्याने एकदा पुन्हा चाखून पक्के करावे.