भुलेश्वराचा डोंगर आणि खालचा मुलूख

खराडीला वळसा घालून पूर्वेकडे निघालेली मुळामुठा मांजरी आणि थेऊर मागे टाकीत रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. आणि तिच्या उजव्या हाताला, बऱ्याच अंतरावर, सिंहगडापासून सुटलेली एक डोंगररांग कात्रज, बोपदेव आणि दिवे या घाटांना आपल्या अंगावरून वाट देत, हळूहळू ठेंगणी होत, त्याच दिशेने तिची सोबत करीत असते. या रांगेच्या पूर्वेकडील अंगास यवतच्या दक्षिणेला भुलेश्वराचे देवालय आहे. 1997 साली महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या आणि आता काचेच्या उत्तुंग इमारतींनी भरून गेलेल्या खराडीतील डोंगरवेडा मनुष्य रविवारी अख्खे पुणे शहर ओलांडून सिंहगडाकडे धावतो, आणि सोलापूरच्या रस्त्याने सरळ गाठता येणाऱ्या या डोंगराकडे मात्र पाठ फिरवितो, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

भुलेश्वराची महती सांगताना लोक त्याच्या शिल्पकलेविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हा डोंगर समजून घ्यावयाचा तर आधी त्याच्याखालच्या मुलखाकडे पाहिले पाहिजे. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस निजामशाही मोडकळीस आली होती, दिल्लीची फौज दक्षिणेत उतरली होती, आणि शहाजीराजांची पुण्याची जहागीर विजापूरकरांच्या डोळ्यांत सलत होती. 1630 साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव पुण्यावर चालून आला. त्याने कसबा जाळला, वाडे आणि कोट पाडले, आणि गाढवांचा नांगर फिरवून त्या भूमीवर पुन्हा कोणी वस्ती करू नये अशी दहशत बसविली. ही हकीकत पुणेकरास शालेय वयापासून ठाऊक असते. त्याला बहुधा ठाऊक नसते ते हे की, पुण्याचा बंदोबस्त ठेवण्यासाठी त्याच मुरारपंताने जे ठाणे उभारले ते भुलेश्वराच्या डोंगरावर. या किल्ल्याला त्याने दौलतमंगळ असे नाव दिले. आजही पडक्या तटाचे, बुरुजांचे आणि दरवाजाचे अवशेष देवळाकडे जाणाऱ्याला वाटेत भेटतात.

ही जागा त्याने का निवडली असेल, हे माथ्यावर उभे राहिल्याखेरीज उमगत नाही. उत्तरेस भीमेच्या खोऱ्यातील सपाट मैदान दृष्टीच्या टप्प्यापर्यंत पसरलेले आहे, आणि पुण्याहून लोणी, उरुळी, यवत या गावांवरून पूर्वेला जाणारी वहिवाटीची वाट जणू पायाशी अंथरलेली आहे. दक्षिणेस कऱ्हेचे खोरे, आणि नैर्ऋत्येकडे हवा निवळ असली तर पुरंदर आणि वज्रगड यांची जोडगोळी. दुर्गमतेच्या बाबतीत हा किल्ला पुरंदराच्या पासंगालाही पुरणार नाही. पण वेढा सोसणे हे त्याचे काम नव्हतेच. रस्त्यावरून कोण जातो, कोणाची जनावरे चरतात, कोणत्या गावचा वसूल कोठे चालला आहे, हे पाहण्यासाठी बसविलेली ती चौकी होती, असे आमचे मत आहे.

या मुरारपंताची खूण खराडीच्या दुसऱ्या बाजूसही आहे. 1633 साली सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावरील नागरगाव येथे त्याने तुलादान केले, आणि त्या वेळी हत्ती तोलण्याचा प्रश्न नावेत हत्ती चढवून, नाव पाण्यात बुडाल्याची खूण करून, मग तेवढेच दगड भरून सोडविला गेला. ही युक्ती शहाजीराजांची, असे परंपरा सांगते. ते गाव पुढे तुळापूर म्हणून प्रसिद्ध झाले, आणि 1689 मध्ये संभाजीमहाराजांच्या बलिदानाने त्याच्या नावाला वेगळीच गंभीरता आली. गाव जाळणारा हात आणि संगमावर दान सोडणारा हात एकाच माणसाचा असावा, यात त्या काळच्या माणसाला विसंगती वाटत नसावी. खुद्द मुरारपंताचा शेवट 1635 मध्ये विजापूरच्या दरबारी कारस्थानात झाला. पुढच्याच वर्षीच्या तहानंतर शहाजीराजांना जहागीर परत मिळाली, आणि जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या पुण्यातील वास्तव्याने उजाड कसब्यात पुन्हा चुली पेटल्या. नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या दौलतमंगळाचे प्रयोजनच मग संपले.

देवालय मात्र किल्ल्याहून फार प्राचीन, यादवकालीन आहे. बाहेरून पाहणाऱ्याची येथे निराशाच होते. उंच, सपाट, अनलंकृत भिंती आणि त्यांवर नंतरच्या काळातील चुनेगच्ची घुमट, यांमुळे ही एखादी गढी असावी असा भास होतो. लहानशा दरवाजातून आत शिरून, अंधाऱ्या, अरुंद जिन्याने चढून वर आले की एकदम प्रचंड नंदी सामोरा येतो, आणि काळ्या पाषाणातील कोरीव खांब, रामायण-महाभारतातील प्रसंगांचे पट, सुरसुंदरी आणि हत्तींच्या रांगा प्रकट होतात. अनेक मूर्तींचे मुखभंग आणि हस्तभंग झालेले आहेत, तरी त्यांच्या देहाचा डौल हरवलेला नाही. स्त्रीरूपातील गणेश, म्हणजे वैनायकी, ही येथील विरळा मूर्ती. तिच्यापुढे घाईने जाऊ नये. पिंडीखालच्या पोकळीत ठेवलेल्या पेढ्यांतील एखादा देव स्वीकारतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे, आणि दर्शनाला आलेली बहुतेक मंडळी त्या पेढ्यांसाठीच गर्दी करून, मूर्तींकडे न पाहता परततात. पेशवाईत बाजीरावांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांनी या देवस्थानाच्या जीर्णोद्धारास हात घातला. शत्रूच्या ठाण्यात अडकलेला देव शंभर वर्षांनी स्वराज्याच्या गुरूकडून दुरुस्त व्हावा, हे इतिहासाला शोभणारेच आहे.

या डोंगराच्या दोन्ही अंगांनी आषाढ जवळ आला की दोन पालख्या जातात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरीकडे वळते. तुकाराममहाराजांची पालखी लोणी काळभोरवरून यवतला मुक्काम करते, म्हणजे भुलेश्वराच्या पायथ्याच्या परिसरातूनच जाते. मुरारपंताने ज्या वाटेवर पहारा ठेवला त्याच वाटेवर टाळमृदंगाचा गजर होतो. पुढे 1858 साली पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि यवतला आगगाडी थांबू लागली. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याने मैदानात ऊस आणला. पाणी मात्र डोंगरापाशी येऊन थबकले. पलीकडचा पुरंदर तालुका आजही पर्जन्यछायेतला आहे. तेथील अंजीर आणि सीताफळ ही त्या कोरड्या जमिनीने दिलेली फळे होत.

पदभ्रमण करणाऱ्याने भाद्रपद गाठावा. श्रावणी सोमवारी देवळात पाऊल ठेवण्यास जागा नसते, आणि फाल्गुनानंतर डोंगर करपून जातो. पावसाच्या अखेरीस मात्र गवत कमरेएवढे होते, मैदानावर ढगांच्या सावल्या सरकतात, आणि दिवसभर चालूनही अंग भाजत नाही. आता डांबरी सडक देवळाच्या दारापर्यंत गेली आहे, म्हणून बहुतेक जण मोटारीने जातात, तासाभरात परततात, आणि काही पाहिले नाही असे सांगतात. त्यांनी गाडी पायथ्याशी ठेवावी, चढ पायी चढावा, तटाच्या अवशेषांपाशी थांबावे, आणि मग पलीकडे माळशिरसच्या वाटेने उतरावे. उन्हाचा आणि वेळेचा हिशेब जमला तर तेथून जेजुरीपर्यंत पायी जाणेही धडधाकट माणसाला जड नाही.