सुईणसेवा, बीड जिल्हा
गावपातळीवरील बाळंतपणाची पारंपरिक व सरकारी व्यवस्था. पूर्वी बाळंतपण घरीच, अनुभवी सुईणीच्या हातून होई. तिचा मोबदला बहुधा धान्य-लुगडे एवढाच. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेड (जि. अहिल्यानगर) येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यात गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायकांना शिकवले गेले: हात साबणाने धुवायचे, नाळ निर्जंतुक ब्लेडने कापायची, अडलेली बाई वेळीच दवाखान्यात पाठवायची. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बीडमध्ये अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार मोठा. २००५ नंतर आशा कार्यकर्ती व जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणे दवाखान्यात गेली आणि सुईण मागे पडली. तिचे कसब मात्र व्यवस्थेने फारसे वापरून घेतले नाही. जिल्ह्याची खरी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. गावच्या नोंदवहीत नाव असलेली गरोदर बाई तेव्हा दूरच्या उसाच्या फडात असते, आणि प्रसंगी कोपीतच (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) बाळंत होते.