‘सगळे ठीक होईल’ आणि ‘मला जमेल’: विद्यार्थ्यांच्या आरोग्यसवयींमागचे दोन विश्वास

घर सोडून विद्यापीठात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा दिनक्रम बहुधा पहिल्यांदाच त्याच्या हाती येतो. किती वाजता झोपायचे, मेसमध्ये जेवायचे की बाहेर काहीतरी खायचे, मित्राने पुढे केलेली सिगारेट घ्यायची की नाही, हे त्यालाच ठरवावे लागते. या निर्णयांमागे माहितीइतकेच महत्त्व दोन विश्वासांना असते. ‘पुढे चांगलेच होईल’ ही अपेक्षा म्हणजे आशावाद, तर ‘हे काम मी करू शकतो’ हा विश्वास म्हणजे स्वक्षमता. दोन्ही एकच वाटतात, पण त्यांचे परिणाम वेगळे असतात.

आशावादाचा फायदा आणि धोका

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर यांनी १९८५ मध्ये आशावाद मोजणारी प्रश्नावली मांडली. सत्र संपण्याआधीच्या चार आठवड्यांत त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. आशावादी विद्यार्थ्यांनी त्या ताणाच्या काळात शारीरिक तक्रारी कमी सांगितल्या. शायर व कार्व्हर यांच्या मते, चांगल्या निकालाची आशा असलेला माणूस अडचण आली तरी प्रयत्न सोडत नाही.

याची दुसरी बाजू नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्येच दाखवली होती. त्यांनी २५८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ४२ घटनांची यादी देऊन, त्या आपल्या बाबतीत घडण्याची शक्यता वर्गमित्रांपेक्षा कमी की जास्त, असे विचारले. यादीत दारूचे व्यसन आणि अकाली हृदयविकाराचा झटकाही होता. चांगल्या घटना आपल्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त आणि वाईट घटना कमी येतील, असा बहुतेकांचा समज दिसला. ‘मला काही होणार नाही’ या समजुतीत राहणाऱ्याला सवय बदलण्याची गरजच वाटत नाही.

स्वक्षमता कशी घडते?

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची संकल्पना मांडली. हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. परीक्षेबाबत निर्धास्त असलेला विद्यार्थी सिगारेट नाकारताना डळमळू शकतो. बांडुरा यांनी त्याचे चार स्रोत सांगितले: स्वतःला मिळालेले यश, आपल्यासारख्याच कुणाला जमलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि शरीर-मनाच्या स्थितीचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला स्रोत सर्वांत प्रभावी. चौथ्याचे उदाहरण म्हणजे पहिल्या दिवशी धावताना लागलेली धाप. ती ‘हे माझे काम नाही’ याची खूण मानली, तर दुसऱ्या दिवशी बूट घातलेच जात नाहीत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ राल्फ श्वार्झर यांच्या मांडणीनुसार सवय सुरू करण्याचा, ती टिकवण्याचा आणि खंड पडल्यावर पुन्हा उभे राहण्याचा विश्वास वेगवेगळा असतो. परीक्षेच्या काळात व्यायाम सुटल्यावर कस लागतो तो तिसऱ्याचा.

इच्छा आणि कृती यांतले अंतर

सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांचा २००२ मधील प्रयोग इथे बोलका आहे. त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. व्यायामाचे महत्त्व पटवून दिलेल्या गटात इच्छा वाढली, पण आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला तो ३५ टक्क्यांनी. काहीच पटवून न दिलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. ज्यांना महत्त्व पटवून, शिवाय व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे करणार हे लिहायला लावले, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी तो केला.

अर्थात सगळा भार मनावर टाकणे योग्य नाही. वेळापत्रक, पैसा, मेसचे जेवण आणि मैदानाची सोय यांचाही सवयींवर परिणाम होतो. पण जे हातात आहे, तिथे सुरुवात छोटीच असावी. ‘उद्यापासून रोज तासभर धावणार’ या संकल्पापेक्षा ‘मंगळवारी सहा वाजता मैदानावर वीस मिनिटे’ हे ठरवणे सोपे, आणि ते पार पडले की पुढच्या वेळचा ‘मला जमेल’ अनुभवातून येतो.