बोरघाटाचे फोटो आणि कापसाचे दिवस

मानखुर्द मागे टाकून, वाशीची खाडी ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागलेला माणूस तासा-दीड तासात बोरघाटाच्या पायथ्याशी येतो. या घाटातल्या लोहमार्गाचे १८६० च्या सुमाराचे फोटो उपलब्ध आहेत. कडे, दऱ्या, कमानींचे पूल, गाडी दिशा बदलून पुढचा चढ चढत असे ते रिव्हर्सिंग स्टेशन. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला जात होता. कॅलिफोर्नियाला १८४९ साली सोन्याची झुंबड उडाली, तशी इथे कापसाची उडाली. त्यामुळे घाटाची रेल्वे झाली म्हणून मुंबई श्रीमंत झाली, असे सहज लिहिले जाते. तारखा लावून पाहिल्या की ते टिकत नाही.

घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतले युद्ध पेटले एप्रिल १८६१ मध्ये. म्हणजे हा मार्ग कापसाच्या तेजीसाठी आखलेला नव्हताच. तो खुला झाला २१ एप्रिल १८६३ रोजी, ऐन तेजीत. पण त्याचा उपयोग पुणे-सोलापूर बाजूच्या मालाला. खानदेश-वऱ्हाडाचा कापूस थळघाटाने उतरायचा आणि थळघाटाची रेल्वे सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला. पुढे शंभर दिवसही झाले नाहीत तोच, ९ एप्रिलला, अमेरिकेतल्या यादवीत दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि भाव कोसळले. तेजीच्या बहुतेक काळात वऱ्हाडच्या कापसाने घाट उतरला तो बैलांच्या जिवावर. या बैलांना आपल्या आर्थिक इतिहासात फार थोडी जागा मिळाली आहे.

आता फोटोंकडे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हाच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन धुवायची. म्हणून अंधारा तंबू, रसायने, पाणी, जड काचा हे सगळे डोंगरावर चढवावे लागे. भिंगही काही सेकंद उघडे ठेवावे लागे. कडा स्थिर असतो, तो स्वच्छ उमटतो. घण मारणारा हात उमटत नाही. १८६१ साली या घाटावर ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती. फोटोंत ती दिसतात ती मोजकी, उभी केलेली, पुलाची उंची कळावी म्हणून.

त्या माणसांचा माग सरकारी कागदांत लागतो. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. पोटकंत्राटदारांच्या साखळीत पैसा अडकत होता. सरकारने चौकशी केली आणि १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदाही केला. फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांकडून ते तडीस नेले. घाटाच्या फोटोंचा एक अल्बम तिच्याच नावावर आहे. हे कळले की ते फोटो केवळ निसर्गदृश्ये उरत नाहीत. काम पुरे झाल्याचा तो कंत्राटदाराचा पुरावाही आहे, आणि पुरावा म्हणूनच तो वाचायला हवा: त्यात पूर्ण झालेला पूल येणार, पगाराचा खोळंबा येणार नाही.

कापसाचा पैसा तोवर मुंबईच्या बॅकबेतल्या समुद्रभरावाच्या कंपनीच्या शेअरांत शिरला होता. पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे हिशेब चुकते करायचा दिवस आला आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. घाटातले बांधकामही सगळे टिकले नाही: महू-की-मल्लीचा पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला. रिव्हर्सिंग स्टेशन मात्र १९२९ मध्ये विजेच्या गाड्या येईपर्यंत चालू राहिले.