विहीर, डास आणि अर्जदार

मुंबईला चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून क्रॉस मैदानाच्या बाजूला गेलात, तर रस्त्याकडेला भिखा बेहराम यांची विहीर दिसते. १७२५ साली या पारशी गृहस्थाने ती खोदवली. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडे. फोर्ट भागातल्या कितीतरी विहिरी बुजल्या, ही तेवढी टिकून राहिली. त्या विहिरी बुजण्याला एक डास कारण झाला, आणि तोच डास पुढे आपल्या पणजीच्याही मुळावर आला.

हिवतापाला पूर्वी खराब हवा कारण मानत. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच तो. त्यामुळे संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, एवढाच काय तो उपाय. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला आणि संशय हवेवरून पाण्यावर गेला. पण कुठल्या पाण्यावर? गावात शेते, ओहोळ, दलदल असते. मुंबईच्या फोर्टात यातले काहीच नव्हते, तरी माणसे तापाने फणफणत होती.

याचे उत्तर ज्या डासात होते त्याचे वर्णन लिस्टन यांनी १९०१ साली केले. नाव अॅनाफिलीस स्टीफेन्सी. या डासाची आवड चमत्कारिक. गटाराच्या घाण पाण्याकडे तो सहसा फिरकत नाही. त्याला विहीर हवी, टाकी हवी, हौद हवा. म्हणजे जे पाणी आपण निर्मळ म्हणून पितो, देवाला वाहतो, तेच. डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची चौकशी केली आणि १९११ साली त्यांचा अहवाल आला. घरांच्या चौकात, जिन्याखाली, दुकानांमागे असलेल्या विहिरींवर त्यात बोट ठेवलेले होते. पालिकेने विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, अशा नोटिसा काढल्या.

आणि मग अर्ज येऊ लागले. मी स्वतः कारकून, अर्ज वाचण्यातच निम्मे आयुष्य गेले, त्यामुळे मला या इतिहासातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. विहिरीत पीर राहतो, विहिरीत देवता आहे, धार्मिक कार्याच्या पाण्याला सूर्याचे किरण लागलेच पाहिजेत, झाकण घातले तर घरावर संकट येईल... पालिकेचे सचिव होते रुस्तम मसानी. पुढे दादाभाई नौरोजींचे चरित्र लिहिणारे तेच. दुसऱ्या कोणी हे कागद शेरा मारून दप्तरात टाकले असते. मसानींनी त्यातून विहिरींच्या लोकश्रद्धांवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. ते १९१८ साली प्रसिद्ध झाले. सरकारी फाइलीतून इतके सुंदर पुस्तक निघाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही!

त्या अर्जदारांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते जमत नाही. आमच्याकडे बाळंतीण उठली की विहिरीवर जाऊन हळदकुंकू वाहते. घरात कोणाचे काही झाले की आधी कळशी विहिरीत पडते. अशी विहीर बंद करा म्हणणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला खोलीत कोंडायला सांगण्यासारखे आहे. पण डासाला हे कसे सांगणार? तडजोड निघाली ती तारेच्या बारीक जाळीची आणि पाणी काढण्यापुरत्या झडपेची. ऊन आत जाते, डास जात नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाने दुसरी वाट धरली. १९५३ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने घराघरांत डीडीटी फवारले. कारण साधे : रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो. १९६१ नंतर गोव्यातही फवारणीवाले आले. माझी आजी सांगायची, ते सोप्यात आले तर चालेल, देवघरात नको. त्यात चवथीला भिंती सारवायच्या किंवा रंगवायच्या, म्हणजे डीडीटीचा थर गेला झाकून! देशात हिवताप १९६५ च्या सुमारास लाखभर रुग्णांवर आला होता, तो १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेला. डास डीडीटीला सरावले, माणसे सुस्तावली. शहरांसाठी १९७१ साली वेगळी योजना आली, तिचा भर अळ्या मारण्यावर होता.

पणजीत मलेरियाने १९८६ पासून डोके वर काढले. त्या काळात इमारती भराभर उठत होत्या. स्लॅबवर साठवलेले पाणी, अर्धवट टाक्या, आणि परराज्यांतून आलेले मजूर, ज्यांच्यातल्या काहींच्या रक्तात जंतू आधीच असायचा. स्टीफेन्सीला याहून काय हवे? मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्डे सुरू झाली. संशोधकांनी इथेच अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे आणि आपल्याच पाण्यातल्या अॅप्लोकायलस ब्लॉकी नावाच्या बोटभरही नसलेल्या माशाचे प्रयोग केले, आणि ते उपयोगी ठरले.

अलीकडे गोव्यात मलेरियाचे रुग्ण फारच थोडे आढळतात. त्याची जागा डेंग्यूने घेतली आहे. त्याचा डास, एडीस, दिवसा चावतो. त्याला विहीरही लागत नाही. माडाखाली पडलेली करवंटी, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी पुरे. त्याची अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते.

स्टीफेन्सी मात्र थांबलेला नाही. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबुतीला सापडला, आणि तिथून आसपासच्या देशांत पसरला. आपल्याकडे नळ आल्यावर ज्या विहिरींवर कोणी जाईनासे झाले, त्या अजून परसात तशाच आहेत. बहुतेकींवर जाळी नाही. माझ्या वाड्यावर मी मोजल्या, सात भरल्या. त्यांतल्या दोनच वापरात आहेत. उरलेल्या पाचांपैकी तिघींच्या मालकांनी आरोग्य केंद्रातून मासे आणून सोडले आहेत. दोन घरांना कुलूप आहे.