शिंकावा वस्तीतील शिष्य

मालक वाटाघाटीला बसला, की पगाराचा आकडा बाजूला ठेवून तो हटकून प्रेमाच्या गोष्टी सुरू करतो. आपण सारे एका कुटुंबातले, असे म्हणतो. त्यामुळे ‘प्रेम’ हा शब्द कानी पडला, की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा हात आधी खिशाकडे जातो. अशा माणसांनी ईश्वरी प्रेमावर आणि ख्रिस्ती शिष्यत्वावर बोलायला उभे राहावे, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही पंडित नव्हे. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. पण जपानच्या तोयोहिको कागावा यांचे चरित्र हाती आले, आणि हा प्रश्न आमची पाठ सोडीना.

ख्रिस्ती विचार थोडक्यात असा, की ईश्वराचे प्रेम माणसाची लायकी पाहून येत नाही. ते आधीच येऊन थांबलेले असते. ज्याला ते उमगले त्याने ते तसेच, लायकी न तपासता, पुढच्याला द्यावे. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचा अर्थ हाच. शिष्य व्हायचे म्हणजे गुरूचे म्हणणे पटून भागत नाही. त्याच्याइतके खाली वाकावे लागते.

कागावा १८८८ मध्ये कोबे येथे जन्मले. आई गेइशा, वडिलांची लग्नाची बायको नव्हे. दोघेही लवकर वारले आणि हे पोर वडिलांच्या घरी परक्यासारखे वाढले. पुढे मिशनऱ्यांची माया लाभली. १९०४ मध्ये बाप्तिस्मा झाला. मग क्षयाने गाठले. उरलेले दिवस गरिबांत काढावे, असे ठरवून २४ डिसेंबर १९०९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, हा धर्मशाळेचा विद्यार्थी कोबेच्या शिंकावा झोपडपट्टीत राहायला गेला. खोली स्वस्तात मिळाली. तेथे खून झाला होता आणि भुताच्या भीतीने कोणी ती घेईना. त्या अरुंद जागेत त्यांनी खरजेच्या रोग्याला अंथरुणात घेतले, दारुड्याला आसरा दिला. डोळ्यांना खुपऱ्या झाल्या, त्या जन्मभर पुरल्या. त्या वस्तीत नकोशी अर्भके पैसे घेऊन सांभाळायला ठेवीत आणि उपाशी मारीत. असे एक अर्भक कागावांनी पोलीस ठाण्यातून घरी आणले, त्याला दूध पाजीत रात्री जागवल्या.

येथवर ही संतचरित्राची गोष्ट झाली, आणि खरे सांगायचे तर आम्ही तेवढ्यावर पुस्तक मिटले असते. पण शिंकावाने कागावांना एक धडा दिला : एकाला जेवू घातले तर दारात दुसरे दहा उभे राहतात. १९१४ ते १९१७ अमेरिकेत शिकून परतल्यावर ते कामगार संघटनेत शिरले. सुझुकी बुंजी यांनी १९१२ मध्ये काढलेल्या त्या संघटनेचे नाव ‘यूआयकाई’. मराठीत बंधुप्रेम मंडळ म्हणू या.

१९२१ च्या उन्हाळ्यात कोबेच्या कावासाकी आणि मित्सुबिशी गोद्यांत संप झाला. तीस हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. मागणी मुख्यतः एकत्र वाटाघाटी करण्याच्या हक्काची. सरकारने सैन्य आणले. मिरवणुकांना बंदी झाली, तेव्हा कामगार देवदर्शनाच्या निमित्ताने मंदिरांकडे चालत निघाले. ही युक्ती आमच्या मंडळींनाही सुचली असती! २९ जुलैला पोलिसांनी तलवारी उपसल्या, एक कामगार प्राणाला मुकला. कागावांना अटक झाली. हात उचलायचा नाही, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत होता. सुमारे दीड महिन्याने संप पूर्ण मोडला. शेकडो बडतर्फ झाले. तरुण कार्यकर्ते म्हणू लागले, या प्रेमाच्या उपदेशाने आपला घात केला. त्याच वर्षी संघटनेने आपल्या नावातून ‘यूआयकाई’ हा शब्द काढून टाकला.

हे वाचताना आम्हांला १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप आठवला. तेव्हा आम्ही शाळकरी पोरे होतो. घरातली भांडी एकेक करून विकली जाताना पाहिली. तेथे कोणी प्रेमाचा उपदेश केला नव्हता, तरी संप हरलाच. म्हणून कोबेच्या पराभवाचे माप प्रेमाच्या पदरात टाकणे आम्हांला पटत नाही. फौज ज्यांच्या बाजूला होती, ते जिंकले.

कागावांची खरी चूक निराळी. जपानात बुराकू नावाचा समाज आहे. त्याची गाऱ्हाणी महाराष्ट्राला समजावून सांगायला नकोत. १९१५ च्या आपल्या ग्रंथात कागावांनी या समाजाला जन्मानेच वेगळ्या, गुन्हेगार वंशाचे ठरवले. ज्यांच्या शेजारी राहिले, ज्यांच्यासाठी डोळे गमावले, त्यांच्याविषयी हे लिहिले! लायकी न तपासणारे प्रेम येथे वंश तपासू लागले. त्यांच्या मृत्यूनंतरही बुराकू संघटनांनी याचा जाब विचारला, आणि तो योग्यच होता. त्यांचे भक्त हे प्रकरण घाईने उरकतात. आम्ही उरकणार नाही.

संपाच्या थोडे आधी, १९२१ मध्येच, कोबेत त्यांनी ग्राहकांची सहकारी संस्था उभी करण्यास हातभार लावला होता. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांचा संघ. कादंबरीच्या विक्रीचे पैसेही अशाच कामांत गेले. १९६० मध्ये ते वारले. कोबेतील त्या संस्थेचे आजचे नाव ‘कोप कोबे’. तिचे सभासद दहा लाखांहून अधिक आहेत, आणि दुकाने रोज उघडतात.